तहनाम्याआधीचे आरोपपत्र

रणांगणावर तोफा चालू असताच तहाची बोलणी निघावीत, आणि बोलणी निघतात न निघतात तोच ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्या अब्रूवर हल्ला चढविला जावा, हा प्रकार अलीकडे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही विपरीत आहे असेही आता कोणास वाटेनासे झाले आहे. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांची मुदत मे २०२४ मध्येच संपली, सबब तहावर सही करण्याचा अधिकारच त्यांना उरलेला नाही, असे रशियाचे अध्यक्ष पुतिन सांगत राहिले; युद्धकालीन कायद्यामुळे तेथे निवडणूक घेता येत नाही ही गोष्ट बाजूस सारून १९ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच गृहस्थांस निवडणुकीवाचून राज्य करणारा हुकूमशहा म्हटले; आणि एवढे झाल्यावर ३० एप्रिलला त्याच सरकारशी अमेरिकेने खनिजांचा करार केला, व १६ मेला इस्तंबूलमध्ये रशियाची माणसे त्याच सरकारच्या माणसांसमोर येऊन बसली.

हा विसंवाद मुत्सद्द्यांच्या तोंडाळपणातून निघतो असे मानणे भोळेपणाचे होईल. तह दोघांत होत असला तरी त्या दोघांचे बळ जोखणारे डोळे तिऱ्हाइताचे असतात. आणि म्हणून वाटाघाटींच्या ऐन भरात उच्चारलेला आरोप हा बहुधा समोरच्यास उद्देशून नसतोच, तो असतो त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या, अथवा उभे राहावे की नाही या विचारात असलेल्या मंडळींना उद्देशून. असा आरोप नेहमीच खोटा असतो असे नाही. पुष्कळदा त्यात सत्यांश असतो, क्वचित तो सबंध खराही असतो. परंतु आरोप करणाऱ्याचा स्वतःचा त्यावर विश्वास किती, हे त्याच्या भाषेच्या तिखटपणावरून कळत नाही. ते कळते त्याने निवाड्याची सोय ठेवली की नाही यावरून, आणि पुढे त्याच माणसाशी करार करताना तो आरोप कोठे गेला यावरून.

विश्रांतवाडीत राहणाऱ्या माणसास याचे दाखले हुडकण्यासाठी मॉस्को-वॉशिंग्टनपर्यंत जाण्याचे कारण नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी दिघी मागे टाकून ज्या रस्त्याने पुण्यात शिरते त्या रस्त्यावरचे हे आमचे उपनगर. पश्चिमेस मुळेपलीकडे खडकी, दक्षिणेस येरवडा, आणि विमानतळाच्या रस्त्याने गोल्फ क्लबच्या चौकावरून नगर रस्त्याकडे उतरले, व वाहतुकीची कृपा असली, तर थोड्याच वेळात आगाखान राजवाडा. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, आणि त्याच महिन्याच्या मध्यास जनरल स्मिथची इंग्रज फौज येरवड्याच्या उतारापाशी नदी ओलांडून पुण्यावर आली. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, दुसरे महायुद्ध चालू असता, आगाखान राजवाड्यात महात्मा गांधी कैदेत होते. इतक्या लहान टापूत, एकाच राजसत्तेने, दोन वेळा, जवळजवळ एकाच पद्धतीने प्रतिपक्षाची पत मारण्याचा उद्योग केल्याचे दुसरे उदाहरण निदान आमच्या वाचनात नाही.

पहिली हकीकत थोडक्यात सांगतो, कारण शाळेच्या पुस्तकातून तिची रूपरेषा सर्वांस ठाऊक आहे. गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन हे इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले, आणि २० जुलै १८१५ च्या रात्री पंढरपुरास देवदर्शनाहून परतताना त्यांचा खून झाला. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळची लेणी पाहावयास गेला होता. खुनाचा ठपका पेशव्यांचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याजवर ठेवून त्याने त्यास ताब्यात मागितले, ठाण्याच्या किल्ल्यात कैद केले, आणि तो सप्टेंबर १८१६ मध्ये तेथून निसटला तेव्हा त्या निसटण्याचे निमित्त करून पेशव्यांच्या गळ्याभोवतीचा फास आवळीत नेला. १३ जून १८१७ च्या पुणे येथील तहाचे पहिलेच कलम असे, की शास्त्र्यांच्या खुनाचा अपराधी त्रिंबकजी आहे हे पेशवा बाजीरावाने मान्य करावे. त्याच तहाने पेशव्यांचा परदरबारी वकील ठेवण्याचा हक्क काढून घेतला. ही दोन कलमे एका कागदावर असावीत यात मोठी मसलत आहे: एकाने माणसाची अब्रू घेतली, दुसऱ्याने ती सावरण्यासाठी जगाशी बोलण्याची वाट बंद केली.

त्रिंबकजीने खून करविला असणे संभवनीय आहे, नव्हे बहुधा ते खरेच असावे. पण त्या 'बहुधा'चा कस लावण्यासाठी कोणत्याही न्यायासनापुढे कधी खटला उभा राहिला नाही. खुद्द बाजीरावाविषयी तर ममत्व वाटण्यासारखे फार थोडे आहे. ऑगस्ट १८१७ मध्ये साताऱ्याजवळ माहुलीस त्याने सर जॉन माल्कमला आपल्या निष्ठेची इतकी खात्री पटवून दिली, की तो मुरब्बी मुत्सद्दीही फसला. आणि इकडे शिंदे, होळकर, भोसले यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार व फौजेची जमवाजमव अखंड चालू होती. तेव्हा इंग्रजांनी त्याच्यावर विश्वासघाताचा आरोप करावा यात नवल नाही. नवल आहे ते त्या आरोपाचा उपयोग त्यांनी कसा केला यात.

साताऱ्याचा किल्ला हाती येताच ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने जो जाहीरनामा काढला, तो राजकीय बदनामीच्या शास्त्रातील एक अव्वल दर्जाचा लेख म्हणून अभ्यासण्यासारखा आहे. आरंभी बाजीरावाच्या दुष्कृत्यांची यादी: शास्त्र्यांचा खून, खुन्यास दिलेला आश्रय, मोडलेले तह, संगमावरच्या रेसिडेन्सीची जाळपोळ, तळेगावास फासावर दिलेले दोन इंग्रज अधिकारी. आणि मग, या यादीच्या पाठोपाठ, ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांस उद्देशून भाषा सुरू होते. जहागीरदारांनी दोन महिन्यांच्या आत बाजीरावाची बाजू सोडून आपापल्या घरी जावे, म्हणजे त्यांच्या जहागिरी कायम राहतील. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने यांस धक्का लागणार नाही. रयतेने सरकारसाऱ्याचा एक पैसाही बाजीरावास देऊ नये, दिल्यास तो वसुलात मजुरा मिळणार नाही. छत्रपतींसाठी साताऱ्यास राज्य स्थापन करण्याचे अभिवचनही त्यातच आहे. गंमत अशी, की ज्या प्रतापसिंह महाराजांच्या नावाचा असा उपयोग केला गेला ते त्या दिवशी बाजीरावाच्याच छावणीत त्याच्या ताब्यात होते. अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले, ते त्यानंतर आठवड्या-दीड आठवड्याने.

हा जाहीरनामा बाजीरावास वाचून दाखविण्यासाठी नव्हता. तो पटवर्धन, रास्ते अशा सरदारांच्या वाड्यांसाठी होता, गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या चावडीसाठी होता. ज्या माणसाच्या बाजूस उभे राहण्याने आपले इनाम बुडेल तो माणूस खुनी व विश्वासघातकी आहे, हे मनास पटवून घेण्याची सोय त्याने प्रत्येक वतनदारास करून दिली होती, आणि बाजू सोडण्याची लाज वाटू नये एवढी नैतिक सबब तीत भरून ठेवलेली होती. फौजेने ज्या कामास कदाचित आणखी दोन पावसाळे घेतले असते, त्यातला बराचसा भाग या कागदाने उन्हाळ्यापूर्वीच उरकला.

आणि मग ३ जून १८१८ उजाडला. बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, आणि जाहीरनाम्यात ज्याची एवढी पापे मोजली होती त्या माणसास दरसाल आठ लक्ष रुपयांची नेमणूक बांधून देऊन ब्रह्मावर्तास बिठूरला सन्मानाने रवाना करण्यात आले. गव्हर्नर जनरलला ही रक्कम फार वाटली, पण माल्कमचा शब्द मोडता आला नाही. आणि बाजीरावाने ती नेमणूक १८५१ साली मरेपर्यंत, म्हणजे तीसबत्तीस वर्षे, निर्वेधपणे उपभोगली. पण त्रिंबकजी? तो पुन्हा पकडला गेला, गंगेकाठी चुनारच्या किल्ल्यात ठेवला गेला, बिशप हेबर १८२४ साली तिकडून गेला तेव्हा त्याने त्यास तेथे पाहिले, आणि १८२९ मध्ये तो त्याच कैदेत मेला. दोघांवरचा आरोप मुळात एकाच खुनातून निघालेला. फरक एवढाच होता, की बाजीरावाकडून राज्याचा राजीनामा हवा होता आणि त्रिंबकजीकडून कोणास काही नको होते.

आता राजवाड्याकडे वळतो. ही इमारत आगाखान तिसरे यांनी १८९२ साली बांधली. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधींना पकडल्यावर त्यांना रेल्वेने चिंचवडला उतरवून येथे आणण्यात आले, काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले, आणि अवघ्या सहा दिवसांत, १५ ऑगस्टला, त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई या राजवाड्यात वारले. परंतु बदनामीचा जो कारखाना या काळात चालला त्याचा पाया तत्पूर्वीच घातला गेला होता. मार्च-एप्रिल १९४२ मध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स यांची बोलणी फसली. जपान ब्रह्मदेशापर्यंत पोहोचला असता, आणि रूझवेल्ट हिंदुस्थानशी समेट करा म्हणून चर्चिलच्या मागे लागले असता, ती फसल्याचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा हा प्रश्न लंडनला बोलण्यांइतकाच महत्त्वाचा वाटत होता. २६ मे रोजी पोलिसांनी अलाहाबादेस अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या कचेरीवर छापा घालून कार्यकारिणीतील चर्चेची टिपणे उचलली. त्यांत गांधींचा एक मसुदा होता, स्वतंत्र हिंदुस्थान बहुधा प्रथम जपानशी बोलणी करील अशा आशयाचे वाक्य त्यात होते, आणि युद्धात जपान-जर्मनी जिंकतील असे गांधींना वाटते अशा अर्थाचे नेहरूंचे बोलणे टिपणात नोंदलेले होते. मसुद्यातले ते वाक्य कार्यकारिणीच्या अंतिम ठरावात राहिले नव्हते. सरकारने हे कागद मे, जून व जुलै असे दोन महिन्यांवर दाबून ठेवले, आणि मुंबईच्या अधिवेशनास तीनचार दिवस उरले असता, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, प्रसिद्ध केले. कागद खरे होते. अप्रामाणिकता होती ती मुहूर्तात. दरम्यान २७ जुलैला क्रिप्स यांनी अमेरिकन श्रोत्यांस उद्देशून आकाशवाणीवरून गांधींवर टीकेची झोड उठविली होती.

काँग्रेसची बाजू या बाबतीत धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती असे म्हणण्याची आमची तयारी नाही. उघड बंडाची भाषा गांधींनी केली होती, 'करेंगे या मरेंगे' हा मंत्र दिला होता, आणि पकडापकडीनंतर जे झाले ते सगळे अहिंसेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. २४ जानेवारी १९४३ रोजी आमच्याच पुण्यात लष्कर भागातील कॅपिटॉल चित्रपटगृहात बॉम्ब फुटला होता. त्याची जबाबदारी कोणावर, हा विचारण्याजोगा प्रश्न होता. आणि गांधींची तक्रार प्रश्न विचारला गेल्याबद्दल नव्हतीच. डिसेंबर १९४२ च्या अखेरच्या दिवशी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याशी जो पत्रव्यवहार सुरू केला त्यातील मुद्दा सरळ होता: माझी चूक मला पटवून द्या, पुरावा दाखवा, हवे तर निःपक्षपाती न्यायमंडळापुढे मला उभे करा. लिनलिथगो यांनी ५ फेब्रुवारी १९४३ रोजी उत्तर दिले, की काँग्रेसवरील आरोपांना केव्हा ना केव्हा तोंड द्यावेच लागेल, आणि जमल्यास त्या वेळी जगापुढे आपली शुद्धता सिद्ध करावी.

'केव्हा ना केव्हा' हे शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. कारण न्यायमंडळास सवड नव्हती, पण छापखान्यास होती. १० फेब्रुवारीला गांधींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू झाले आणि ते चालू असतानाच गृहखात्याचे अतिरिक्त सचिव सर रिचर्ड टॉटनहॅम यांच्या नावाने, १९४२-४३ च्या दंग्यांची जबाबदारी काँग्रेसवर ठेवणारी सरकारी पुस्तिका बाहेर पडली. आरोपीस तुरुंगात ठेवून, त्याचे म्हणणे बाहेर जाऊ न देता, तो अन्नावाचून पडला असता आरोपपत्र जगभर वाटावयाचे, आणि खटला भरा म्हटले की तूर्त नाही असे सांगावयाचे! गांधींनी १५ जुलै १९४३ ला त्या पुस्तिकेस विस्तृत उत्तर लिहिले, 'हरिजन'मधील उतारे कोठे व कसे तोडले आहेत ते दाखविले, आणि पुन्हा न्यायमंडळ मागितले. ते उत्तर वाचकांच्या हाती पडावयास मध्ये बराच काळ जावा लागला.

उपोषणाच्या त्या तीन आठवड्यांतील एक तार फार बोलकी आहे. १३ फेब्रुवारीला चर्चिलनी व्हाइसरॉयांस विचारले, की गांधी उपोषणात पाण्यातून ग्लुकोज घेतात असे ऐकतो, त्याची शहानिशा करता येईल काय? महायुद्ध ऐन रंगात आले होते, स्टालिनग्राडला जर्मन फौज शरण येऊन पंधरवडाही झाला नव्हता, आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांस येरवड्याजवळच्या एका कैद्याच्या पेल्यात काय आहे याची उत्कंठा लागली होती. व्हाइसरॉयांनी उलट कळविले, की मुंबई इलाख्याच्या युरोपीय सर्जन जनरलच्या मते गांधी याबाबतीत विशेष दक्ष असतात, आणि डॉक्टरांनी ग्लुकोज घेण्याचा आग्रह धरला असता त्यांनी तो साफ धुडकावला. प्रकृती फारच ढासळली तेव्हा पाण्यातून मोसंब्याचा थोडा रस मात्र त्यांनी घेतला, आणि तो लपवून घेतला नाही. इतके लेखी उत्तर हाती असूनही चर्चिलनी पुढे आपल्या महायुद्धाच्या इतिहासात ग्लुकोजची कथा छापलीच. उपोषणात ढोंग आहे अशी लंडनला शंका होती, तर इकडे पुण्यात त्याच सरकारच्या माणसांनी गांधींच्या अंत्यविधीसाठी चंदन आणून ठेवले होते. वर्षभराने, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, कस्तुरबा गेल्या तेव्हा त्यांच्या दहनास ते उपयोगी पडले. ढोंगी माणसासाठी कोणी चंदन खरेदी करीत नाही.

या बदनामीचा श्रोतृवर्ग कोण होता हे ओळखण्यास एक खूण पुरेशी आहे. रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी विल्यम फिलिप्स त्या वेळी दिल्लीत होते. त्यांनी गांधींना भेटण्याची परवानगी मागितली आणि ती त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. पुस्तिका वाचा, लेखकास विचारा, पण ज्याच्याविषयी ती आहे त्यास भेटू नका, असा तो एकंदर बंदोबस्त होता. हिंदी लोकांवर तिचा परिणाम किती झाला याचा हिशेब १७ फेब्रुवारीस व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळातच लागला: होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आपले यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे या तिघा सभासदांनी त्या दिवशी राजीनामे दिले. अणे हे टिळकांच्या तालमीत वाढलेले, गांधींशी अनेकदा मतभेद झालेले, आणि सत्याग्रहाच्या वादळातून बाजूला होऊन सरकारी मंडळात बसलेले गृहस्थ. सरकारी आरोपपत्र पटण्याची ज्यांच्याबाबत काही आशा होती त्यांपैकी ते एक होते.

या सर्वांपेक्षा आम्हांस अधिक उद्बोधक वाटतो तो त्यापुढचा, मे महिन्यातला प्रसंग, कारण त्यात बदनामी करणारे हात दोन आहेत. एप्रिल १९४३ मध्ये दिल्लीस मुस्लिम लीगच्या अधिवेशनात जिना म्हणाले, की गांधींना खरोखर समेट हवा असेल तर त्यांनी मला पत्र लिहावे. माझ्या नावचे पत्र अडविण्याची सरकारची छाती होणार नाही. गांधी राजवाड्यात 'डॉन' हे लीगचे वर्तमानपत्र मागवून वाचीत असत. त्यांनी ४ मेस पत्र लिहिले: आपले निमंत्रण वाचले, पत्रापेक्षा प्रत्यक्ष भेटावे. सरकारने पत्र अडविले, आणि अडविल्याचे २६ मेला पत्रक काढून जाहीर केले. जिनांच्या आव्हानाची परीक्षा यापेक्षा सोपी कधी झाली नसती. पण दोन दिवसांत त्यांनी पवित्रा बदलला, आणि सरकारवर संतापण्याऐवजी असा अर्थ लावला, की स्वतःच्या सुटकेसाठी लीगला सरकारशी भिडविण्याचा हा गांधींचा डाव आहे.

यात जिनांची मुत्सद्देगिरी नाकारता येत नाही. प्रतिपक्षाच्या वतीने बोलणाऱ्याची लायकीच काढून घेण्याचे तंत्र त्यांना चांगले अवगत होते, आणि जुलै १९४० मध्ये मौलाना आझादांसारख्या पंडितास त्यांनी तारेने काँग्रेसचा दाखविण्यापुरता मुसलमान म्हटले होते. काँग्रेसनेही लीगला प्रतिनिधित्वच नाही म्हणून वर्षानुवर्षे झिडकारले होते, हे विसरता कामा नये. परंतु मे १९४३ मध्ये एक चारपाच ओळींचे पत्र, ज्यात भेटीवाचून दुसरी मागणी नव्हती, ते न पोहोचविण्यात सरकारचे हित होते आणि न पोहोचल्याचे खापर लिहिणाऱ्यावर फोडण्यात जिनांचे. दोघांचीही सोय झाली. गांधी-जिना भेट व्हावयास सप्टेंबर १९४४ उजाडला. मुंबईत मलबार टेकडीवर अठरा-एकोणीस दिवस चाललेली ती बोलणी निष्फळ झाली, आणि १९४५-४६ च्या निवडणुकांत मध्यवर्ती विधिमंडळातील तीसच्या तीस मुस्लिम जागा लीगने जिंकल्या. ते पत्र मे १९४३ मध्ये पोहोचते तर हे टळले असते असा दावा आम्ही करीत नाही. मधले सोळा महिने मात्र कोणी कोणाशी बोलले नाही, आणि त्या मुदतीत जे कडवे होते ते अधिक कडवे झाले, एवढे निश्चित.

हा रोग केवळ साम्राज्यांचा नव्हे. लोकशाहीत तो निवडणुकीच्या रूपाने येतो, आणि तेथे बोलणी करणाऱ्या सरकारचीच पत आतून मारली जाते. १९६८ साली पॅरिसला व्हिएतनामच्या शांततेची बोलणी पुढे सरकू लागली तेव्हा रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांच्या बाजूने अ‍ॅना शेनॉल्ट या बाईंमार्फत सायगावला निरोप गेला, की आताच घाई करू नका, आमचे सरकार आल्यावर अटी बऱ्या मिळतील. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिऊ यांनी २ नोव्हेंबरला पॅरिसला येण्याचे नाकारले आणि ५ नोव्हेंबरला मतदान झाले. त्या निरोपाने सायगावचा निर्णय किती फिरला यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. निरोप गेला, यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

१९४३ च्या आरोपपत्राची किंमत कोणी मोजली, हे पाहावयाचे तर राजवाडा सोडून विदर्भात जावे लागते. चिमूर आणि आष्टी येथे ऑगस्ट १९४२ मध्ये लोक खवळले, पोलीस व अधिकारी मारले गेले, आणि नंतर आलेल्या फौजेने व पोलिसांनी चिमुरात स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवस उपोषण केले; ते १२ जानेवारी १९४३ ला सुटले तेव्हा चिमूरविषयीच्या बातम्यांवरील बंदी उठविण्यापर्यंत सरकार आले. काँग्रेसवरील आरोप पुस्तिकारूपाने जगभर, आणि सरकारी शिपायांवरील आरोपांची बातमीही छापावयास मनाई! दंग्यांतील आरोपींवर मात्र खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि त्या माफ करून घेण्यासाठी पुढे देशभर प्रयत्न करावे लागले. त्रिंबकजीप्रमाणेच या खेड्यांतील माणसांशी तह करण्याची गरज कोणास नव्हती.

गांधींशी होती. ६ मे १९४४ ला त्यांस प्रकृतीच्या कारणावरून बिनशर्त सोडण्यात आले. 'केव्हा ना केव्हा'ची ग्वाही देणारे लिनलिथगो त्यापूर्वीच, ऑक्टोबर १९४३ मध्ये, स्वदेशी परतले होते. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश मंत्र्यांचे त्रिमंत्री मंडळ दिल्लीस आले, तेव्हा त्या तिघांत सर स्टॅफर्ड क्रिप्स होते, आणि आल्यापासून ते गांधींच्या वारंवार भेटी घेऊ लागले. न्यायमंडळ नेमले गेले नाही ते नाहीच.